एका छपराचे दोन हिशेब

सोलरचा विषय घेऊन कुणी माझ्या ऑफिसात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, सबसिडी किती मिळतीय?" हातात कंत्राटदाराचं कोटेशन असतं आणि मोबाइलमध्ये ७८,००० रुपयांची जाहिरात. इचलकरंजीत चार्टर्ड अकौंटंट म्हणून काम करताना मला आता वीस वर्षं होऊन गेली. माझं उत्तरही ठरलेलं आहे. "ते ७८,००० घरासाठी आहेत. कारखान्याला सबसिडी नाही, कारखान्याला घसारा आहे." समोरच्याचा चेहरा उतरतो आणि तिथून आमचं खरं बोलणं सुरू होतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना' घरगुती ग्राहकांसाठी आहे. तीन किलोवॅटच्या संचाला त्यात ७८,००० रुपये मिळतात. खासगी कारखाने आणि दुकानं छतावरच्या सौर प्रकल्पाच्या केंद्रीय अनुदानातून त्याच्याही आधीपासून वगळलेली आहेत. कारण सरळ दिलं जातं : उद्योगांना वेगवान घसाऱ्यासारखे कराचे लाभ मिळतात, मग वर रोख कशाला? कागदावर हे पटण्यासारखं आहे. मलाही ते बरीच वर्षं पटलेलं होतं. माझं मत बदललं ते दोन पक्षकारांच्या फायली एकाच पावसाळ्यात टेबलावर आल्या तेव्हा. एक होते सायझिंग आणि शटललेस मागांचा मोठा कारखाना असलेले शेठ. दुसरे आठ साध्या मागांवर खर्चीनं, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं, कापड विणणारे काका. दोघांनाही तेच पॅनेल हवं होतं आणि दोघांच्या पत्र्यावर ऊन तेवढंच पडत होतं.

त्याआधी घसाऱ्याशी माझी पहिली ओळख कशी झाली ते सांगायला हवं. साधारण २००० च्या सुमारास मी कोल्हापुरात आर्टिकलशिप करत होते. एके दिवशी सरांनी एका कापड व्यापाऱ्याची फाइल दिली. तिच्यात सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे पठारावरच्या एका पवनचक्कीची कागदपत्रं होती. व्यापारी कोल्हापूरचे, धंदा साड्यांचा, आणि मालमत्तेत पवनचक्की! त्या काळी पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळायचा. म्हणजे तिची सगळी किंमत त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा व्हायची आणि तेवढ्या नफ्यावरचा कर वाचायचा. मी त्यांना उत्साहानं विचारलं, "पठारावर वारा कसा असतो?" ते म्हणाले, "मी कुठं बघितलंय, बाई?" त्यांनी ती पवनचक्की खरोखरच कधी पाहिली नव्हती.

त्या उत्तरानं मला खूप शिकवलं. पुढं पवनचक्कीवरच्या घसाऱ्याचा हा दर ८० टक्क्यांवर आला, २०१२ मध्ये तो वेगवान घसारा काढून घेतला गेला, नव्या पवनचक्क्यांचा वेग मंदावला आणि २०१४ मध्ये तो पुन्हा द्यावा लागला. सवलत आली की पाती उभी राहायची, सवलत गेली की काम थांबायचं. सौर प्रकल्पांनाही आधी ८० टक्के दर होता. १ एप्रिल २०१७ पासून तो ४० टक्के झाला. तेव्हापासून मी प्रत्येक पक्षकाराला सांगत आले की घसाऱ्यासाठी सोलर बसवू नका. विजेसाठी बसवा, घसारा मागून येईल.

आता शेठांचा हिशेब. २०२२ च्या जूनमध्ये ते १०० किलोवॅटचं कोटेशन घेऊन आले. आमच्याकडे एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिटं देतो. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलात जास्त. त्याला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. शेठांचं छप्पर शंभर किलोवॅटला लागणाऱ्या जागेहून मोठं होतं. वर्षाला एक लाख चाळीस हजार युनिटं धरली आणि उच्चदाबाचा त्यांचा दर आठ रुपये धरला तरी बिलात सव्वाअकरा लाखांच्या आसपास बचत दिसत होती. प्रकल्पाची किंमत ५० लाख आणि वर जीएसटी.

जीएसटीचं गणितही लोकांना समजावून सांगावं लागतं. सौर प्रकल्पाच्या कंत्राटात ७० टक्के रक्कम माल आणि ३० टक्के सेवा धरली जाते. त्या वेळी मालावर १२ आणि सेवेवर १८ टक्के कर होता, म्हणजे एकूण १३.८ टक्के. (२२ सप्टेंबर २०२५ पासून मालावरचा दर ५ टक्के झाला आणि हाच आकडा ८.९ वर आला.) शेठांना ६ लाख ९० हजार जीएसटी भरायचा होता, पण त्यांची नोंदणी होती आणि कापडावरचा कर भरताना त्यांना तो वळता करून घेता येत होता. फक्त एक पथ्य पाळायचं : ज्या कराची वजावट घेतली, त्या रकमेवर पुन्हा घसारा मागायचा नाही.

उरले ५० लाख. त्यावर ४० टक्के घसारा, म्हणजे २० लाख. उत्पादन करणाऱ्या धंद्याला नव्या यंत्रसामग्रीवर आणखी २० टक्के अतिरिक्त घसारा मिळतो, म्हणजे १० लाख. एकूण ३० लाख रुपये पहिल्याच वर्षी नफ्यातून वजा. शेठांची भागीदारी संस्था होती, कराचा दर उपकर धरून ३१.२ टक्के. म्हणजे ९ लाख ३६ हजारांचा कर वाचणार होता. कंपनी असती आणि तिनं २२ टक्क्यांचा सवलतीचा दर निवडला असता, तर अतिरिक्त घसारा मिळाला नसता. हा फरक मी त्यांना आधीच सांगून ठेवला होता.

आणि एक तारीख सांगितली होती : ३ ऑक्टोबर. वर्षात १८० दिवस यंत्र वापरात नसेल, तर त्या वर्षी घसारा निम्मा मिळतो. ३१ मार्चपासून मागं मोजलं की १८० दिवस ३ ऑक्टोबरला भरतात. त्या तारखेच्या आत छपरावरून वीज यायला हवी होती.

ती आली नाही. कंत्राटदारानं सप्टेंबरात काम सुरू केलं तेव्हा लक्षात आलं की सिमेंटचे पत्रे जुने झालेत. पावसात वर चढलेल्या पोरांच्या पायाखाली दोन पत्रे फुटले. नशिबानं कुणाला लागलं नाही. मग कैच्यांना आधार द्यायचा, पत्रे बदलायचे, त्यानंतर स्ट्रक्चर. प्रकल्प सुरू झाला ११ ऑक्टोबरला.

शेठ दुसऱ्याच दिवशी आले. पॅनेलचं बिल सप्टेंबरचंच होतं. "मॅडम, पॅनेल तर २६ तारखेला वर चढलीत. तेवढं धरता येतंय का बघा की." मी त्यांना इन्व्हर्टरची नोंद दाखवली. पहिलं युनिट कोणत्या दिवशी, किती वाजता तयार झालं हे ते यंत्र स्वतःच लिहून ठेवतं. मीटर बसवल्याच्या अहवालावरही तारीख असते. छपरावर ठेवलेलं पॅनेल आणि वापरात आलेलं पॅनेल यात कायदा फरक करतो, आणि तो बरोबर करतो. मी नाही म्हटलं. ते गप्प बसले. माझी त्यांच्याशी इतक्या वर्षांची ओळख, त्यांच्या वडिलांच्या काळापासूनची. ती शांतता मला जड गेली.

मग मी एक कोरा कागद घेतला आणि दोन वर्षांचा हिशेब शेजारी शेजारी मांडला. वेळेत झालं असतं तर पहिल्या वर्षी ३० लाख आणि दुसऱ्या वर्षी उरलेल्या २० लाखांवर ४० टक्के, म्हणजे ८ लाख. एकूण ३८. आता पहिल्या वर्षी १५ लाख. उरले ३५. त्यावर ४० टक्के, म्हणजे १४ लाख, आणि राहिलेला निम्मा अतिरिक्त घसारा ५ लाख. दुसऱ्या वर्षी १९. एकूण ३४. दोन वर्षांत फरक ४ लाखांच्या घसाऱ्याचा, म्हणजे कराचा फक्त सव्वा लाखाचा, आणि तोही पुढच्या वर्षांत हळूहळू मिळणारच. शेठांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे बुडालं काहीच न्हाई?" "नाही. उशिरा मिळणार."

त्या दिवशी घसारा म्हणजे काय हे मलाही नव्यानं नीट सांगता आलं. घसारा हे दान नाही. प्रकल्पाची किंमत एकदाच वजा होते. साध्या यंत्राला १५ टक्क्यांनी रेंगाळत होते, सौर प्रकल्पाला लवकर होते. सरकार जणू सांगतं की आज तुझ्याकडून घ्यायचा कर मी थोडा उशिरा घेतो, तोवर तो पैसा तू वापर. बिनव्याजी उसनवारीच ती. शिवाय वाचलेलं बिल म्हणजे वाढलेला नफा, आणि त्यावर पुढं कर आहेच. तरीही हप्ते जड असतात त्या पहिल्या वर्षांत हातात पैसा राहणं ही धंद्याला फार मोठी गोष्ट असते. शेठांच्या प्रकल्पाचे पैसे चार-पाच वर्षांत वसूल होतील असं मी लिहून दिलं होतं आणि आजवरचे आकडे त्याच वाटेनं चाललेत. ही व्यवस्था काम करते. मी ती करताना पाहिली आहे.

म्हणूनच काकांची फाइल माझ्या मनातून जात नाही.

काका २०२२ च्या त्याच पावसाळ्यात आले होते. तळमजल्यावर आठ मागांचा शेड, वर पुढच्या बाजूला राहतं घर. आमच्या गावात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. माझं बालपण अशाच एका घरात गेलं. वडिलांचे चार माग होते. खालून येणाऱ्या खडखडाटात मला झोप लागायची आणि लोडशेडिंगनं तो थांबला की जाग यायची. मागावर किती विणलं यावर मजुरी, आणि माग वीज असेल तेवढाच वेळ चालणार. वीज हा आमच्यासाठी खर्चाचा नुसता एक रकाना कधीच नव्हता. म्हणून काकांनी "ताई, आमच्यासारख्याला बसतंय का गणित?" असं विचारलं तेव्हा मी तो हिशेब फार मन लावून केला.

दहा किलोवॅट. किंमत ४ लाख ८५ हजार, वर जीएसटी ६७ हजार, एकूण ५ लाख ५२ हजार.

पहिली गोष्ट जीएसटीची. काकांची वर्षाची मजुरी २० लाखांच्या आत, म्हणून नोंदणी नाही. नोंदणी नाही म्हणून वजावट नाही. शेठांना परत मिळणारा कर काकांच्या किमतीत मिसळून गेला.

दुसरी गोष्ट घसाऱ्याची. काका कलम ४४एडी खाली विवरणपत्र भरतात. छोट्या धंद्याला वह्या ठेवण्याच्या कटकटीतून सोडवणारं हे चांगलं कलम आहे : जमेच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवा आणि मोकळे व्हा. पण त्यातच एक वाक्य आहे की सगळा खर्च आणि घसारा त्यात मिळालाच असं धरलं जाईल. म्हणजे काकांनी साडेपाच लाखांचं पॅनेल घेतलं, तर कायद्याच्या वहीत त्यांना दर वर्षी ४० टक्के घसारा मिळत राहतो, किंमत कमी होत जाते, आणि काकांच्या खिशात एक रुपया येत नाही. वह्या ठेवून घसारा मागितला असता तरी काय मिळालं असतं? त्यांचं उत्पन्न पाच लाखांच्या आत, कर शून्य. शून्यातून काय वजा करायचं? पुढच्या वर्षांत करमुक्त उत्पन्नाची मर्यादा वाढत गेली, आणि ते चांगलंच झालं. पण तसतसा घसाऱ्याचा हा लाभ काकांसारख्यांपासून आणखी लांब गेला.

तिसरी गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. यंत्रमागाला राज्य सरकार वीजदरात सवलत देतं. २७ अश्वशक्तीच्या आतले छोटे माग त्यात विशेष धरलेले असतात. सवलतीनंतर काकांना युनिट पाच रुपयांच्या आसपास पडत होतं. ही सवलत गावाचा श्वास आहे, ती गेली तर निम्मे माग भंगारात जातील. पण सोलरची बचत मोजताना तिचा उलटा परिणाम होतो. शेठांचं प्रत्येक सौर युनिट आठ रुपये वाचवतं, काकांचं पाचच. महिन्याला १,२०० युनिटं, म्हणजे ६,००० रुपये. बँकेचं साडेचार लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, सात वर्षं : हप्ता ७,५८७ रुपये.

महिन्याला सोळाशे रुपयांचा खड्डा. तेवढाच. पण आठ मागांच्या घरात सोळाशे रुपये म्हणजे मुलीच्या क्लासची फी असते, नाहीतर कांडीवाल्या बाईंची आठवड्याची मजुरी. काकांनी कोटेशन घडी करून खिशात ठेवलं. "राहू दे ताई. बघू पुढं."

दुसऱ्यानं गुंतवणूक करायची आणि आपण त्याच्याकडून स्वस्त दरानं युनिट घ्यायचं, अशीही एक पद्धत आहे. घसारा गुंतवणूकदाराला मिळतो, आपल्याला भांडवल लागत नाही. मोठ्या छपरांना ती सोयीची पडते. मी दोन-तीन ठिकाणी विचारून पाहिलं. दहा किलोवॅटसाठी कुणी येत नाही.

एक योजना मात्र काकांच्या मापाची होऊन गेली होती. १ एप्रिल २०१७ ला भिवंडीत केंद्राच्या 'पॉवरटेक्स इंडिया'ची सुरुवात झाली. आठपर्यंत माग असलेल्या छोट्या यंत्रमागधारकांना सोलरसाठी थेट भांडवली अनुदान हा तिचा एक भाग होता : सर्वसाधारण गटाला ५० टक्के, अनुसूचित जातींना ७५, अनुसूचित जमातींना ९०. ही योजना आखणाऱ्यानं माग पाहिलेला असणार. कर भरत नाही त्याला कराची सवलत देऊन उपयोग नाही हे त्याला कळलेलं होतं. निम्मं अनुदान धरून मी काकांचा हिशेब पुन्हा केला. हप्ता बचतीच्या बराच खाली येत होता, महिन्याला वर पैसे उरत होते. पण मी हा हिशेब २०२२ मध्ये करत होते आणि योजनेची मुदत संपून गेली होती. ती चालू होती तेव्हा काका माझ्याकडं आले नव्हते, आणि मीही कुणा छोट्या मागवाल्याला आपणहून बोलावून ती सांगितली नव्हती. मोठ्या पक्षकारांना मात्र ३ ऑक्टोबर या तारखेची मी दर वर्षी फोन करून आठवण करून देत होते. ही चूक माझी आहे आणि ती मला लागून राहिली आहे.

काका परत आले ते २०२४ च्या पावसाळ्यानंतर, त्याच ७८,००० च्या जाहिरातीसह. घराचं मीटर वेगळं होतं, कागदपत्रं सरळ होती. तीन किलोवॅटचा संच बसला, अनुदान खात्यावर आलं. "ताई, ह्यातली थोडी वीज खाली मागाला घेतली तर?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं की घराच्या मीटरची वीज घरालाच वापरायची, नाहीतर अडचणीत याल. त्यांनी मान डोलावली. पुन्हा तो विषय काढला नाही.

संच बघायला मी गेले होते. शिडीनं वर चढलो. घराच्या स्लॅबवर सहा पॅनेलं दक्षिणेकडं तोंड करून उभी होती. स्लॅब संपला की पलीकडं शेडचा पत्रा, लांबच लांब, तापलेला, रिकामा. त्याच्याखाली आठ माग चालू होते आणि त्यांचा हादरा तळपायांना जाणवत होता. स्लॅब आणि पत्रा जिथं जुळतात तिथं काका उभे होते. एका बाजूला घरात राहणारा माणूस म्हणून सरकारनं त्यांना हात दिला होता. दुसऱ्या बाजूला तोच माणूस उद्योजक ठरत होता, आणि उद्योजकाला घसारा आहे.

१९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग बसवला. उद्योगाला हात देणारे नारायणराव घोरपडे तेव्हा जहागीरदार होते. आमच्या गावाचा जन्मच प्रोत्साहनातून झाला आहे, म्हणून मला त्या शब्दाबद्दल आस्था आहे. ज्याच्याकडे नफा आहे त्यानं तो विजेत गुंतवावा यासाठी घसारा जरूर असावा, तो टिकावा, त्याचे दर मध्येच हलू नयेत. पण ज्याच्याकडे करपात्र नफाच नाही त्याच्यासाठी मदत भांडवलात किंवा व्याजात यायला हवी, म्हणजे महिन्याच्या त्या सोळाशे रुपयांत. धोरण करणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं : उद्योग हा शब्द लिहिताना शंभर किलोवॅटच्या छपराबरोबर दहा किलोवॅटचं छप्परही डोळ्यांपुढं ठेवा.

मी माझ्यापुरतं एक काम सुरू केलं आहे. राज्याच्या २०२३ ते २०२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात सौर ऊर्जेसाठी साहाय्याची तरतूद आहे. अशा कलमापर्यंत पोचायचं तर आधी कागद तयार लागतात, आणि छोट्या मागवाल्याकडं नेमके तेच नसतात. म्हणून आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी मी ऑफिस त्यांच्यासाठीच ठेवते. उद्यम नोंदणी, मागांची यादी, वीजबिलं, जागेचा उतारा. फी घेत नाही. वडिलांचे चार माग होते, त्यांचं माझ्यावर असलेलं ते देणं आहे.

काकांची फाइल त्या गठ्ठ्यात वरच आहे. उद्यम नोंदणी झाली. बिलं लावली. जागा तिघा भावांच्या नावावर सामाईक आहे, त्यामुळे छपरासाठी तिघांचं संमतीपत्र लागणार. दोघांच्या सह्या झाल्यात. तिसरे पुण्यात असतात, गणपतीला गावी येतात. कागद मी टाइप करून, स्टॅम्प लावून तयार ठेवला आहे.